नाखवा सर आणि उठलेल्या गावाची पोरं

नाखवा सर कुठल्याही आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नसत. आधी त्याची चौकशी करत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मोठ्या कौतुकाने माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. पनवेल-उरणच्या शाळांमधल्या मुलांचे गणिताचे गुण, वडिलांचा व्यवसाय, घरातली माणसं, सगळं त्यात होतं. सरांनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही पोर कुठल्या शाळेतली?"

"सर, तो नुसता क्रमांक आहे."

"असेल. पण कुठेतरी शिकत असेल ना ती?"

सरांनी तक्ता मिटून ठेवला.

सर सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त होऊन पनवेलला वडाळे तळ्याजवळ राहत होते. मूळचे उरणच्या किनाऱ्यावरचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. नोकरी सगळी शुद्ध मराठीत झाली, पण एखादी गोष्ट मनापासून पटवायची असली की जीभ घराकडे वळायची. मी तेव्हा खारघरच्या एका कॉलेजात कंत्राटावर समाजशास्त्र शिकवत होते. तिथे कायमची जागा निघणार होती आणि तिला पीएच.डी. हवी होती. प्रबंध लिहून झाला होता. फक्त आकडेवारी एकदा जाणकाराला दाखवा, म्हणून माझ्या मार्गदर्शकांनी मला सरांकडे धाडलं. एका दुपारचं काम, असं मी धरून चालले होते.

प्रबंधाच्या शेवटी एक वाक्य होतं. 'मासेमार कुटुंबांतील मुले गणितात लक्षणीयरीत्या मागे आहेत.' ते मी सरांच्याच घरात, त्यांच्याच समोर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. आज आठवलं की लाज वाटते. तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही. आकड्यांतून तसंच निघालं होतं.

सरांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि मला विचारलं, "बंदरावर दहा होड्यांच्या दहा पाट्या उतरल्या. एकेका पाटीत शंभर बांगडे. तू किती बघितलंस?"

"हजार बांगडे."

"नाय. दहा होड्या बघितल्यास. एका होडीतली मासळी एकाच बर्फात पडलेली असते. ती नरम निघाली तर बांगड्याला नावं ठेवू नको, बाय. बर्फ कवा घातला ते विचार."

बहुस्तरीय विश्लेषण हे जड नाव मी पुस्तकात वाचलं होतं आणि घाबरून पान उलटलं होतं. सरांकडे त्याचा अर्थ एवढाच होता की मुलाचं मुलापाशी ठेवायचं, शाळेचं शाळेपाशी, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नाही. गणितं, सूत्रं नंतर आली, आणि त्यांनी माझा घाम काढला ते वेगळंच.

गोम अशी की शाळेचं नाव मी संगणकात भरलंच नव्हतं. मुलांनी भरलेल्या कागदी अर्जांवर ते होतं. पण गावात शाळा एकच असणार, गाव लिहिलं की झालं, असा माझा शहाणपणा. मग मी गाव हाच वरचा स्तर धरला आणि सगळं पुन्हा चालवलं. ते वाक्य जागचं हललं नाही. आता सुटले, अशा आनंदात मी सरांकडे गेले.

सर गावांची यादी वाचत एका नावावर थांबले. सर्वांत जास्त मासेमार मुलं याच गावची होती.

"हा गाव हाय कुठं?"

"मुलांनी स्वतःच लिहिलंय, सर."

"लिवनारच. आमी मरेपर्यंत हेच नाव सांगनार. पन गाव बंदरासाठी कवाच उठला. अर्धी घरं एका टोकाला वसवली, अर्धी दुसऱ्या. ही पोरं तर जन्मलीच नवीन वसाहतीत. त्यांची शाला एक नाय."

म्हणजे कधीच एकत्र न बसलेली मुलं मी एका वर्गात कोंबली होती. अर्जांची पोती माळ्यावर होती. एकेक अर्ज काढून शाळा भरायची, शाळांमध्ये जाऊन शिक्षकांची माहिती आणायची, म्हणजे ती जागा हातची जाणार. माझा तोल गेला. "तुम्हाला ते वाक्य झोंबलंय, सर, म्हणून हे सगळं चाललंय," मी बोलून गेले.

चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थबकल्या. सर मात्र शांत होते. "आमची पोरं हुशार हायेत, असं मी कुठं म्हनलो? नसतील पन. तू विचारलंच नाय, एवढंच हाय. तसंच द्यायचं तर दे. नाव तुझं असनार."

तीन दिवस मी तिकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी पोती खाली काढली. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, आणि त्याचं मला अनेक महिने फार वाईट वाटत राहिलं. सर रोज दोन तास माझ्याबरोबर बसत. मी घाई केली की म्हणत, "सावकाश, बाय. पोर चुकीच्या शालेत बसंल."

शाळा भरून झाल्यावर मासेमार आणि इतर मुलांमधलं ते अंतर जवळजवळ विरून गेलं. बरीच मासेमार मुलं ज्या दोन शाळांत होती, तिथे कित्येक वर्षं गणिताला शिक्षकच नव्हता. त्याच शाळांतली शेतकऱ्यांची मुलंही तितकीच मागे होती. उठलेल्या गावाची एका टोकाची पोरं याच शाळांत होती; दुसऱ्या टोकाची, वेगळ्या शाळेतली पोरं मात्र चारचौघांसारखे गुण मिळवत होती. मी धावतच सांगायला गेले की फरक उरलाच नाही. सर म्हणाले, "जवळजवळ म्हण. उरलाय तोही लिही."

सर जाऊन आता काही वर्षं झाली. मला ते आठवतात ते माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खोदून खोदून विचारलं, मी उत्तरं दिली, पदवी जाहीर झाली. नंतर आम्ही दोघं जिना उतरत होतो. कठडा धरून सर मध्येच थांबले.

"मी मॅट्रिकला गनितात दोनदा नापास झालो, बाय. तिसऱ्या वर्षी आमच्या शालेत मास्तर आला."

इतके महिने समोरासमोर बसून त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ते वाक्य त्याच दुपारी, त्यांच्याखातर खोडून टाकलं असतं. त्यांना तेच नको होतं.