सबवूफर, सुधाकर आणि धानाची पोती

सुधाकर माझा सख्खा चुलतभाऊ आहे आणि त्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यानं मागच्या खोलीत स्टुडिओ मॉनिटर स्पीकर मांडले, भिंतींना काळा फोम चिकटवला आणि चिचगडच्या बाजारात लोक त्याला 'स्टुडिओवाला' म्हणू लागले. तेच स्पीकर माझ्याकडेही होते (त्याच्या आधी घेतलेले!), पण मला कोणी काही म्हणेना. त्यात दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य करणाऱ्या गावच्या मंडळानं यंदा गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं. रविवारी दोघांच्या खोल्या ऐकून काम कोणाला द्यायचं ते सांगणार होते. मी तडक गोंदियाहून सबवूफर, म्हणजे नुसत्या बासचा वेगळा डबा, आणला. चार दिवसांत सुधाकरकडेही आला. माझा नुसता जळफळाट झाला.

सबवूफरची जागा ठरवायची एक रीत आहे. तो आपल्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथं बास स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. मी रांगू लागलो आणि बायको चहा घेऊन आली. खुर्चीवर डबा, जमिनीवर नवरा! तिनं चहा डब्यापुढं ठेवला.

"काऊन जी, गुडघ्यावर काऊन फिरून राहिले?"

"बास शोधून राहिलो."

"सापडला का सांगा. मले इथं झाडू माराचा हाय."

सापडला! मागच्या भिंतीशी रचलेल्या धानाच्या पोत्यांजवळ. ढोलकीची थाप नेमकी छातीत! डबा तिथंच मांडला.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळलाच. सुधाकरची खोली चकाचक आणि माझ्याकडे पोती? शनिवारी सकाळी त्याच्याकडे जाऊन तोंड पाडून म्हटलं, घर सारवायचं आहे, दोन दिवस पोती तुझ्याकडे ठेवू का? (मनात म्हटलं, दिसू दे उद्या तुझाच स्टुडिओ कोठारासारखा!) तो भोळा हो म्हणाला आणि निम्मी पोती स्वतःच्या पाठीवर घेऊन गेला. कुठं रचायची ते मी दाखवत होतो.

रविवारी मंडळ आधी माझ्याकडे आलं. मी ऐटीत गाणं लावलं. रिकाम्या खोलीत बास असा घुमला की फळीवरची गंज-पातेली नाचू लागली, खिडकी थरथरली आणि गाणं कुठं गेलं ते कोणालाच कळेना. मंडळाच्या म्हाताऱ्या शाहिरांनी कानावर हात ठेवला.

"बाबू, आधी गिरणी बंद कर, मंग गाणं लाव."

मग सगळे सुधाकरकडे गेले. मीही गेलो, पोत्यांवर हसायला. त्यानं तेच गाणं लावलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. ढोलकीची एकेक थाप सुटी, नेमकी! सगळा घुमारा माझी पोती पिऊन टाकत होती, हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं. शाहीर एका पोत्यावर बसून मान डोलवत होते. इथंच करू, म्हणाले.

मी पोती परत न्यायची गोष्ट काढली.

"राहू दे ना भाऊ," सुधाकर म्हणाला, "रेकॉर्डिंग होतवरी. बसाले बरी हायेत."

आता ती गाणी आमच्या भागात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजतात. नाव सुधाकरचं झालं. बास मात्र माझ्या अडीच एकरांतल्या धानाचा आहे, पण तसं सांगायला गेलो तर पोती तिथं कोणी नेली आणि कशाला, हे आधी सांगावं लागतं!