मी बंद केलेले शब्द

ते सॉफ्टवेअर मी निवडलं होतं. हे आधीच लिहून ठेवते. पुढे आजारपण येईल, मुलीच्या बाबांनी माझ्याकडून घेतलेलं वचन येईल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई बिचारी सांगितलं तेवढं करत होती. तसं नव्हतं. निवड माझी होती आणि ती मी फार मन लावून केली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्हाला बंगळुरात येऊन सतरा वर्षं झाली होती. मुलीचे बाबा एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर, मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात सूचीकार. के. आर. पुरमच्या अलीकडे कारखान्याच्या वसाहतीत आमचं घर होतं. मुलगी एकच. ती नववीत गेली त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्या पाठोपाठ फोनच्या लाइनीवर चालणारं इंटरनेट. मोडेम किरकिरायला लागला की तासभर आमचा फोन कुणाला लागत नसे.

भीती मात्र मला मराठी मंडळातून मिळाली. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जमायचो. एरवी तिथे बदल्या, भाड्याची घरं आणि इथल्या बाजारात न मिळणारी भाकरीची पिठं यांवर बोलणं चालायचं. त्या वर्षी सगळ्या आया इंटरनेटवर बोलत होत्या. नुकतीच पुण्याहून आलेली, कोरमंगल्यात राहणारी आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी एक तरुण बाई आमच्यातली तज्ज्ञ ठरली होती.

“काकू, मुलीला नेट दिलंय आणि फिल्टर नाही? आर यू सिरियस?” ती मला म्हणाली.

“आमची तसलं काही बघायची नाही.”

“ती नाही हो बघणार. ते येऊन तिला बघेल!”

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. पुढच्या महिन्यात तिने मला तीन सीड्या आणून दिल्या. तिन्ही परदेशी, तिन्ही नमुन्यादाखल महिनाभर चालणाऱ्या. “बघा वापरून, आवडेल ती ठेवा,” म्हणाली, जशी काही साडीच दाखवत होती.

“घ्या,” घरी मुलीचे बाबा म्हणाले, “ग्रंथपालबाईंपुढे तीन उमेदवार आले.”

मी खरोखरच त्यांची परीक्षा घेतली. वहीत रकाने आखले आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ बसले. पहिल्याने बेलूरच्या मंदिरातल्या शिल्पांचं पान उघडू दिलं नाही, आणि बाळाला अंगावर पाजण्याबद्दलचंही नाही. एक अत्यंत घाणेरडं पान मात्र बिनदिक्कत दाखवलं, कारण त्यात शब्द नव्हतेच, नुसती चित्रं होती. दुसरं फक्त त्याच्या स्वतःच्या यादीतली पानं उघडायचं. अमेरिकेतल्या शाळा, अमेरिकेतले प्राणी. आमच्या मुलीच्या अभ्यासातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात बंद करायच्या शब्दांची यादी आपली आपण वाढवता येत होती. शिवाय ते नोंद ठेवायचं. मूल कधी काय शोधतं, काय उघडलं, काय नाकारलं. नाकारलेल्याच्या पुढे एक चांदणी यायची.

मला तिसरं आवडलं आणि ते मी विकत घेतलं. याद्या करणं हेच माझं काम होतं.

मुलीपासून मी ते लपवलं नाही. निदान तेव्हा तरी आमच्या घरात लपवालपवी नव्हती. पासवर्ड माझ्याकडे राहील असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे वाचनालयाचं कार्डच काढून घेतलंस की माझं.”

“अठरा पूर्ण झाली की परत देईन.”

“अठरा? आई, तोवर इंटरनेट म्हातारं होईल!”

पहिल्या वर्षभरात चार चांदण्या पडल्या, चारही निरपराध. नोंद वाचायचा मला कंटाळा आला आणि मी ती उघडेनाशी झाले.

मग तिचं दहावीचं वर्ष लागलं. आमच्यासारख्या घरांत दहावी म्हणजे काय, हे आता आठवलं की मला संताप येतो. केबल तोडायची. पाहुण्यांना पत्राने कळवायचं की यंदा नको. लग्नांना एकट्याने जाऊन यायचं. माझ्या बहिणीने तर तिच्या सासऱ्यांच्या जाण्याची बातमी मुलाचे पेपर संपेपर्यंत दहा दिवस त्याला कळू दिली नव्हती. आजोबा गावी गेलेत, एवढंच सांगितलं. सगळ्या नातेवाइकांनी तिच्या धीराचं कौतुक केलं होतं. मीही केलं होतं, अगदी मनापासून.

जुलैत तिच्या बाबांना कावीळ झाली. ती उतरेना म्हणून तपासण्या झाल्या. एका दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, आणि काही महिने आहेत. बाहेर पडल्यावर आम्ही बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळ एका लहानशा हॉटेलात जाऊन बसलो. यांनी दोन कॉफ्या मागवल्या. कॉफी त्यांना चालत नव्हती, पण मागवली.

“तिला सांगायचं नाही,” ते म्हणाले. “मार्चमध्ये परीक्षा आहे. शेवटचा पेपर झाला की मी स्वतः सांगेन.”

“अहो, मार्चपर्यंत...”

“काढतो की. कारखान्यात एवढी कामं वेळेत काढली.” पोऱ्या नव्हता तिथे, मालकच कप ठेवून गेला, तोवर ते थांबले. “पित्ताशयात खडे आहेत म्हणून सांगू. ऑपरेशन लांबवलंय म्हणू. पण ती शोधेल. तिला गप्प बसवत नाही. तुझं ते सॉफ्टवेअर आहे ना? त्यात हे सगळे शब्द घालून टाक.”

मी बरं म्हणाले. आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी मला काहीतरी काम हवं होतं, आणि हे एक काम होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत असताना मी कॉम्प्युटरपुढे बसले. सूचीकाराला एक सवय असते. एखाद्या विषयापाशी वाचक कोणत्या कोणत्या दारांनी येईल याचा विचार करायचा आणि प्रत्येक दाराशी एक पाटी लावायची, म्हणजे तो चुकणार नाही. वीस वर्षं मी तेच करत होते. त्या दिवशी तीच विद्या वापरून एकेक दार बंद केलं. कॅन्सर, कार्सिनोमा, ट्यूमर, केमोथेरपी, पँक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, आणि त्याची सगळी रूपं. डॉक्टरांच्या विभागाचं नाव. औषधांची नावं. सव्वीस शब्द झाले. यादीत आधीपासून असलेल्या अश्लील शब्दांच्या खाली, त्याच रकान्यात ते जाऊन बसले. कावीळ आणि खडे मी उघडे ठेवले, कारण तिने ते वाचावेत अशीच आमची इच्छा होती. काम चोख झालं होतं. मला त्याचं, खोटं कशाला लिहू, थोडं समाधानही वाटलं.

यादी चोख होती, हीच माझी चूक होती.

ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी, बापलेक बाहेरच्या खोलीत भूमिती सोडवत असताना, मी सहज म्हणून नोंद उघडली. सप्टेंबरातला एक आठवडा होता. रोज चार ते साडेपाच, म्हणजे ती शाळेतून आल्यावर आणि मी घरी पोचण्याच्या आधी. कावीळ: उघडलं. पित्ताशयातले खडे: उघडलं. हेपटायटिस: उघडलं. सिरॉसिस, मलेरिया, क्षय: उघडलं. मग पँक्रियाज, चांदणी. पुन्हा पँक्रियाज, चांदणी. कॅन्सर, चांदणी. पँक्रियाज, चांदणी. सात वेळा तोच शब्द. शेवटच्या दिवशी तो एकदाच होता, आणि त्यानंतर महिनाभर आजाराबद्दल एकही शोध नव्हता.

मला समजायला वेळ लागला नाही. वाचून वाचून तिच्या हाती संभाव्य आजारांची नावं आली होती, आणि ती एकेक नाव टाकून बघत होती. जे उघडतं ते बाबांना नाही. जे घरातल्या कुणीतरी बंद केलंय, तेच आहे. पुस्तक कुलुपात ठेवलं की वाचकाला तेच दिसतं, हे मी ग्रंथालयात किती वेळा पाहिलं होतं. आजाराचं पान तिला वाचायला मिळालं नसेल, पण नाव मी तिला दिलं होतं.

बाहेरून आवाज येत होते.

“बाबा, तुमचे खडे पडले की मला द्यायचे हं. सायन्स प्रोजेक्टला नेणार आहे.”

“नेशील ना. स्वल्प थांब,” इथल्या कानडीतलं ‘जरा’ त्यांच्या तोंडी बसलं होतं. “ मोठे होऊ देत.”

“किती मोठे? घर बांधायचंय का त्यांचं?”

ते हसले. मग त्यांना उबळ आली आणि ती म्हणाली, “पाणी आणते.” स्वयंपाकघरात जाताना ती माझ्या खोलीच्या दारावरून गेली. हसू अजून तोंडावरच होतं. माठापाशी ती भांडं हातात धरून उभी राहिली, पाणी न घेता, बराच वेळ. मग पाणी घेतलं, चेहरा नीट केला आणि बाहेर गेली.

म्हणजे ती त्यांना सांभाळत होती, आणि ते तिला. हे दोन्ही फक्त मला माहीत होतं. त्याच दुपारी बाहेर जाऊन मी एक वाक्य बोलले असते, तर त्या दोघांना चार महिने मिळाले असते. भूमिती सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलायला. रडायलासुद्धा.

मी नोंद बंद केली आणि भाजी चिरायला घेतली.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वचन दिलं होतं, हे एक. दहावी, हे दुसरं. पण खरं कारण मला आवडत नाही. घरात सगळं नीट चाललं होतं. ती अभ्यास करत होती, ते हसत होते, जेवणाच्या वेळा पाळल्या जात होत्या. ते वाक्य बोलल्यावर जे होईल त्याला आवरायला मीच उरणार होते, आणि माझ्यात तेवढी ताकद नव्हती. मंडळातल्या बायका मला म्हणायच्या, किती धीराने घेता हो तुम्ही. मी ते ऐकून घेत असे.

फेब्रुवारीत ते गेले. परीक्षेला सोळा दिवस होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलता येत नव्हतं. ती त्यांच्या उशाशी बसून इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची, कारण तिने अभ्यास केलेला त्यांना आवडतो. आत येणाऱ्या प्रत्येकाने तिच्याबद्दल मला सांगितलं, मुलगी फार शहाणी आहे. तिने सगळे पेपर दिले आणि उत्तम गुणांनी पास झाली. त्यासाठी ते सगळं केलं होतं म्हणायचं, तर ते साधलं.

मे महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, “आई, ते आता काढून टाक.”

मी कॉम्प्युटरपुढे बसले, पासवर्ड टाकला. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. पडद्यावर शब्दांची यादी आली. ती खाली खाली वाचत गेली आणि अश्लील शब्द संपले तिथे थांबली.

“हे तूच घातलेस ना?”

“हो.”

“बाबांनी सांगितलं?”

“दोघांनी मिळून ठरवलं.”

“मला त्यावरूनच कळलं,” ती म्हणाली. “बाकी सगळं उघडत होतं. एकच उघडत नव्हतं.”

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मला हे नवीन आहे असा चेहरा मी केला. तो मला जमला.

तिने पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाली, “ह्यात दिसतं का, कुणी काय शोधलं ते?”

“दिसतं.”

“तू बघायचीस?”

“सुरुवातीला. मग सोडून दिलं. वेळ कुठे होता?”

“तेच म्हटलं.” तिचा श्वास सुटलेला मला मानेवर जाणवला. “मला मधे वाटत होतं, तुला कळलं असेल. मी वाट बघत होते. पण तुला कळलं असतं, तर तू आम्हाला बोलू दिलं असतंस.”

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेराव्यानंतर तिने मला आपणहून स्पर्श केला तो तेव्हाच. मी सॉफ्टवेअर काढून टाकायची आज्ञा दिली. त्याने विचारलं, आतापर्यंतची सगळी नोंदही पुसायची का?

मी हो म्हटलं.