सुमी पेगन झाली आणि मी जळत राहिले

सुमीचा मला आयुष्यभर हेवा वाटला. परवा ती गेली, तरी अजून वाटायलाय.

अशा दिवशी लोक फेसबुकवर गोड गोड लिहितात. मी खरं लिहिणार. ज्याला झेपत न्हाई त्यानं पुढं सरकावं.

सुमी माझी धाकटी बहीण. दोन हजार सालाच्या सुमारास वायटूकेचं वारं होतं तेव्हा गावातून हैदराबादला कॉम्प्युटर शिकायला गेली, तिथून इंग्लंडला.
मी औरादला शाळेत मास्तरीण झाले.
ती तिकडंच आजारी पडली, तिकडंच गेली.

आमचं घराणं मूळचं मेंढरामागं फिरणारं. मेंढरं आजोबांच्या काळातच विकली. देव तेवढे राहिले. देव म्हणजे शेतातले पाच दगड.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस असते. त्या दगडांना चुना लावायचा, वर कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, भज्जी म्हणजे कडधान्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, ताकातली अंबील असा नैवेद्य दाखवायचा. मग घरातला पुरुष अंबील शिंपत शेतभर फिरतो. त्याला चर शिंपणं म्हणतात.

लग्न झाल्यावर मला ह्या दगडांची लाज वाटायला लागली. सासर शिकलेलं, अधिकारी लोक. तिथं पोथी, गुरुवार, उद्यापन. मी सगळं शिकले. उपवास करून करून ॲसिडिटी झाली.
पण खरं सांगू? आत काही हललं न्हाई कधी.

आन ही बया दोन-तीन वरसांमागं येळवशीला आली, कोपीत मांडी घालून बसली आन म्हणाली,
"अव्वा, मी आता पेगन हाय."

अव्वा म्हणजे आमची आई. ती नैवेद्याला उंडे वाढायली होती. तिचा हात तिथंच थांबला.
"किरिस्ताव झालीस का गं?"

आमच्या भागात बाहेरचं नाव ऐकलं की पहिला संशय तोच. अव्वा तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

सुमी खो खो हसली. "अगं, उलटं हाय! त्यांच्यातलेच लोक पूर्वी झाडं-दगडं पुजणाऱ्यांना शिवी म्हणून हे नाव द्यायचे."

"मंग असतंय तरी काय ते?"

"एक पुस्तक न्हाई, एक गुरू न्हाई. झाड, माती, ऊन, अमावस्या, ह्यातच देव."

अव्वानं डोळे पुसले. "मंग त्यात नवीन काय झालीस? आपुन तेच हाव की."

"व्हय. पर मला ते तिकडं गेल्यावर कळलं."

मग जेवणाआधी कोपीबाहेर बसून मला सांगायली. तिकडं ती रविवारी मंदिरात जायची. गालिचा, स्पीकर, ओळखीपाळखी. काहीच वाटायचं न्हाई. मग एकदा डिसेंबरात ऑफिसमधली एक बाई तिला रानात घेऊन गेली. चार वाजताच अंधार पडलेला. काही माणसं एका जुन्या झाडाभोवती उभी होती. एकीनं घरून सूप करून आणलं होतं. कुणाला द्यायच्या आधी तिनं पहिला घोट मातीत ओतला.

"अक्का, मी तिथंच ढसाढसा रडले. मला अव्वाची अंबील दिसली."

माझं डोकंच फिरलं. जे मी सासरी लपवत आले, ते ही तिकडं मिरवायली! वर त्याला इंग्रजी नाव!

"तुला नाव कामून लागतंय गं?" मी फणकारले.

"तुला इथं कुणी विचारत न्हाई, तू कोण म्हणून. मला तिथं रोज विचारतात. सकाळी कुंडीतल्या रोपाला पाणी घालून हात जोडते, तेवढीच माझी पूजा. त्या पूजेला हे नाव बसतंय. ते उच्चारलं की मी तिथं एकटी राहत न्हाई."

 मला अजूनच राग आला.

तेवढ्यात अप्पा, म्हणजे वडील, चर शिंपायला निघाले. सुमी चप्पल काढून उठली.
"अप्पा, मी शिंपू?"

 काका खाकरले. बाईमाणसानं चर शिंपलेलं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं.

अप्पांनी अंबिलीचं भांडं तिच्या हातात दिलं. "शिंप. पार बांधापर्यंत जा."

"ओलगे ओलगे सालम पोलगे" असे चर शिंपतानाचे ठरलेले बोल ओरडत ती हरभऱ्यातून गेली. गाल ओले, आवाज चिरकलेला. आन मी भज्जीच्या पातेल्यापाशी, हातात पळी.

एवढ्या वरसांत मी ते भांडं कधी मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर अप्पांनी दिलं असतं का?
त्या दिवशी मी जेवले न्हाई. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

परवा तिच्या तिकडच्या मैत्रिणीचा फोन आला. सुमीला रानात पुरणार. वर एक झाड लावणार. नावाची पाटी न्हाई, दिवस न्हाईत, तेरावा न्हाई. सुमीनंच तसं सांगून ठेवलं होतं.

काका भडकले. "हे काय माणसाचं जाणं झालं?"

फोन अजून चालूच होता. अप्पा मला म्हणाले, "इचार, तिथली माती कशी हाय."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. ती बाई रडत होती. म्हणाली, काळी आहे, मऊ आहे.

अप्पांनी मान हलवली. "मंग काही अडचण न्हाई."

बघा. अप्पांना तिचं जाणंसुद्धा पटलं.

आज सकाळी अंघोळ करून बसले. म्हटलं, सुमीसाठी काहीतरी मागावं. हात जोडले आन काय मागावं तेच सुचंना.
मी जन्मभर देवाकडं जे मागत आलेय, ते आत हलणं तिला केव्हाच मिळालं होतं.

जा सुमे. सुखानं मिसळ मातीत.
तुझी अक्का जळायलीय अजून. आन लई रडायलीय.