कुजकी फळी

मांडवीला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका आहेत. काही विचारलं की आधी सावकाश हात पुसतात, मग बोलतात.

पर्यटकांना फिरवणारी माझी बोट इतरांच्या मागे पडायची. जास्त ताकदीचं एक जुनं इंजिन स्वस्तात मिळालं, म्हणून ते बसवून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. ते जिथे बसवायचं, ती बोटीची मागची फळी टकटक वाजवून ऐकत राहिले.

"आतून कुजलीय. ह्या वजनाला नाय टिकायची."

"सीझन तोंडावर आलाय, काका. दुसरा कोणीही बसवून देईल."

"देईल ना." त्यांनी हात पुसले, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि फळीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून काळं पाणी गळायला लागलं.

"आता कोण नाय बसवायचा," ते म्हणाले.

मी रागाने निघून आलो. पण चार दिवसांनी परत गेलो. त्यांनी नवी फळी घातली, तळाला चिकटलेले शिंपले खरवडले, माझ्या आधीच्याच इंजिनाला पाण्यात फिरणारा दुसरा पंखा लावला. वेग थोडा वाढला.

पहिल्या फेरीला मी त्यांना बोलावलं. येताना त्यांनी नातीला आणलं होतं. मागच्या फळीला टेकून त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "सोड आता जोरात."