जयवंत तोरसकरांची चौदा यंत्रे

बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर संगणकांची खोली आहे आणि त्या खोलीत, गेल्या दसऱ्यापर्यंत, चौदा यंत्रे होती. पवईतील एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतली तेव्हा ही जुनी वाचनालयाला देऊन टाकली, त्याला नऊ वर्षे झाली. विकत घ्यावी लागणारी कार्यप्रणाली संस्थेच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून त्यांवर फुकट मिळणारे लिनक्स बसवण्यात आले. ते शिकून घेण्याचे काम ओघानेच जयवंत तोरसकरांकडे आले.

तोरसकरांचे वडील मालवणकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. स्वतः तोरसकर कांदिवलीच्या पंपांच्या कारखान्यात फिटर होते आणि तो कारखाना बंद पडल्यावर वाचनालयात सेवक म्हणून आले. फिटरची वृत्ती मात्र गेली नाही. कोणतेही यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याच्याशी आपला परिचय झाला असे त्यांना वाटत नसे. इंग्रजी बेताचे असूनही त्यांनी आज्ञावल्यांच्या झेरॉक्स प्रती मिळवल्या, काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकून पाहिली आणि जे कळले ते मराठीत वहीत उतरवले. त्यांच्या वहीत ‘युनेम’पुढे ‘यंत्राचे कूळ विचारणे’ आणि ‘अपटाइम’पुढे ‘उठून किती वेळ झाला’ असे अर्थ दिलेले आहेत. ते चुकीचे म्हणता येणार नाहीत.

या सर्व आज्ञांत त्यांना विशेष प्रिय होती ती ‘निओफेच’. हा एक लहानसा प्रोग्राम. त्याचे नाव टंकले की पडद्याच्या डाव्या बाजूस अक्षरांनी रेखलेले चित्र उमटते आणि उजव्या बाजूस त्या यंत्राची माहिती ओळीने येते: प्रणाली कोणती, तिचा गाभा म्हणजे कर्नल कितव्या आवृत्तीचा, प्रक्रियक कोणता, स्मृती म्हणजे रॅम किती. चित्र कोणते असावे आणि ओळींत काय लिहावे हे एका साध्या फाइलीत बदलता येते. तोरसकरांनी ती फाइल उघडली, इंग्रजी शीर्षके काढून मराठी घातली आणि मूळ चित्राच्या जागी ठिपके व तिरक्या रेघा जुळवून एक दीपमाळ उभी केली. ती जुळवायला त्यांना तीन आठवडे लागले. खोलीतले प्रत्येक यंत्र सुरू होताच प्रथम ही दीपमाळ दिसे.

त्याच फाइलीत त्यांनी आणखी एक बदल केला होता. यंत्रे आली तेव्हा प्रत्येकात चार जीबी स्मृती होती. पडद्यावर मात्र आकडा थोडा कमी येई, कारण चित्र दाखवणारा भाग त्यातला काही अंश स्वतःसाठी राखून ठेवतो. अभ्यासाला येणारी मुले विचारत, “चार म्हणता, मग इथे कमी का?” आठवडाभर उत्तर देऊन तोरसकर कंटाळले. मग त्यांनी मोजून येणारी ओळ काढली आणि तिच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘स्मृती: ४ जीबी’. ही फाइल चौदाही यंत्रांवर चढवली. प्रश्न थांबले.

दसऱ्याच्या दिवशी, कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे, ते यंत्रांची पूजा करीत. प्रत्येकाला झेंडूचे फूल वाहिल्यावर दीपमाळेशेजारची माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर उतरवून घेत आणि ते कार्ड सुताने यंत्राला बांधत. मागील वर्षांची कार्डे ते काढीत नसत. प्रत्येक यंत्राच्या पाठीशी अशी कार्डांची एक जुडी लोंबत असे.

खाडीच्या हवेत खार असतो. पावसाळा संपता संपता एखादे यंत्र सुरू होताना नुसत्या शिट्ट्या वाजवी. तोरसकर ते उघडत. आत स्मृतीच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या असत आणि त्यांपैकी एकीच्या सोनेरी कडेवर काजळी चढलेली असे. ती पट्टी काढताच यंत्र चालू होई. कड खोडरबराने घासून पट्टी पुन्हा बसवायची, ही त्यांची नेहमीची पद्धत. पण मुले ताटकळत उभी असत, म्हणून काढलेली पट्टी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई आणि सवडीने बसवू म्हणून तिथेच राही. नऊ वर्षांत असे पाच वेळा घडले. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा उठले, दीपमाळ उजळली, शेजारी चार जीबी दिसले, आणि दसऱ्याला कार्डावरही चारच उतरले. आपण लिहिलेले वाक्य आपणच प्रमाण मानू लागतो तेव्हा ते आपले आहे हे ध्यानात राहत नाही. प्राचीन नैयायिकांनी प्रत्यक्षाला पहिले स्थान दिले, आप्तवचनाला, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दाला, नंतरचे. तोरसकरांच्या खोलीत हा क्रम नकळत उलटला होता.

यंदा कार्यकारी मंडळापुढे विषय आला तो खोलीच्या अस्तित्वाचा. मुलांजवळ फोन आहेत, खोलीत गर्दी उरली नाही, शिवणवर्गाला जागा हवी आहे. कार्यवाह श्यामकांत दाभोळकर तोरसकरांना चेष्टेने म्हणत, “जयवंता, तुझ्या मशिनी आणि माझे गुडघे एकाच वयाचे. मी तरी माझे बदलून घेतले.” तरी त्यांनीच एक मार्ग काढला होता. भरतीच्या परीक्षांच्या सराव चाचण्या घेणारी एक संस्था उपनगरात जागा शोधत होती. चार जीबीची किमान बारा यंत्रे असतील तर चाचण्या इथे होणार आणि खोली राहणार होती. श्यामकांतांनी तोरसकरांकडून अशा यंत्रांच्या संख्येचे पत्रक मागितले. तोरसकरांनी कार्डे पाहिली आणि लिहिले: चौदा.

चाचणीचा प्रोग्राम बसवण्यासाठी अक्षता आली. सहा वर्षांपूर्वी ती याच खोलीत अभ्यासाला बसत असे, आता पवईत नोकरी करते. तिला निओफेच पाहून हसू आले. त्याच्या कर्त्याने २०२४ साली ते काम थांबवले, आता त्यात काही सुधारणा होत नाही, असे तिने सांगितले. फास्टफेच म्हणून त्याच धर्तीचे, पण फार वेगवान असे दुसरे साधन आहे, आणि खोलात जाऊन पाहायचे असेल तर इनक्सी आहे, असेही ती म्हणाली. तोरसकरांनी दीपमाळ नव्यात नेता येईल का एवढेच विचारले. येईल, असे ती म्हणाली आणि सहाव्या यंत्रावर प्रोग्राम चालवून पाहिला. यंत्र अडकले.

तिने पडद्यावर ‘फ्री’ एवढेच टंकले. ही अगदी साधी आज्ञा. तिला चित्र नाही, शृंगार नाही. गाभा ज्या फाइलींतून यंत्राची स्थिती उघड करतो, त्यांतला आकडा ती वाचून दाखवते. आकडा आला एक पूर्णांक सात जीबी.

“मशीन काहीतरी चुकतंय,” तोरसकर म्हणाले.

“मशीन नाही चुकत, काका. ही चारची ओळ मोजून येतच नाहीये. ही कोणीतरी हाताने लिहिलीय.”

तोरसकरांनी त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाले, “मीच लिवलंय गो ते.”

तिने इनक्सी चालवून स्मृतीच्या खाचा पाहिल्या. सहाव्या यंत्रात एक खाच रिकामी होती. दोघांनी चौदाही यंत्रे तपासली. पाचांत एकेकच पट्टी निघाली. तोरसकरांनी कपाटातून पत्र्याचा डबा आणला. आत पाच पट्ट्या होत्या, प्रत्येक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. त्या दुपारी त्यांनी पाचही खोडरबराने घासल्या, आलटून पालटून बसवून पाहिल्या. एकही जागी झाली नाही. मग पाचांपैकी दोन यंत्रांतल्या चांगल्या पट्ट्या काढून दुसऱ्या दोघांत घातल्या, पाचव्याला मात्र जोड उरली नाही. जुन्या घाटणीची तशी पट्टी बाजारात शोधून आणण्याइतका वेळ नव्हता, मंडळाची बैठक त्याच संध्याकाळी पाच वाजता होती.

अकरा यंत्रे. एक कमी.

अक्षताने सुचवले की पत्रक आहे तसे जाऊ द्यावे. चाचण्या पुढच्या महिन्यात आहेत, तोवर ती कुठूनतरी पट्ट्या मिळवील. मिळतीलच असे मात्र तिला सांगता येईना, आणि तोरसकरांनी ते दोनदा विचारले.

बैठकीत श्यामकांतांनी पत्रक वाचायला घेतले तेव्हा तोरसकर दाराशी उभे होते. सेवकाने बैठकीत बोलण्याचा प्रघात नाही. त्यांनी बोलायची परवानगी मागितली आणि चौदा हा आकडा चुकीचा असून खरा आकडा अकरा असल्याचे सांगितले. कित्येक वर्षे कार्डांवर चुकीचे लिहिले गेले, ते आपणच लिहिले, आणि आज सकाळपर्यंत ते आपल्यालाही ठाऊक नव्हते, असेही सांगितले. स्पष्टीकरण दिले नाही.

सभासद सुहासिनी कर्णिक यांचा खोलीवर लोभ होता. त्या म्हणाल्या, “एकाच यंत्राचा तर प्रश्न आहे. बारा लिहावं. कोण मोजायला येणार आहे?”

“बाराव्या मशीनवर जी मुलगी बसेल ना, ताई,” तोरसकर म्हणाले, “तिचा पेपर मध्येच अडकेल. तिला मी काय सांगू?”

श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पत्रकावरचा चौदाचा आकडा खोडून वर अकरा लिहिले आणि खाली सही केली. पत्रक तसेच गेले. आठ दिवसांनी त्या संस्थेचे उत्तर आले की जागा दुसरीकडे निश्चित झाली आहे.

खोली पूर्णपणे गेली नाही. श्यामकांतांनी मंडळाला सांगितले की, जो माणूस स्वतःच्या यंत्रांविषयी असे सांगतो, त्याच्याकडे अर्धी खोली ठेवायला हरकत नसावी. त्यावर फारशी चर्चा झाली नाही. मध्ये प्लायवुडची भिंत घातली गेली. खाडीच्या बाजूच्या अर्ध्या भागात शिवणवर्ग आला, रस्त्याच्या बाजूला अकरा यंत्रे दाटीने बसली. उरलेली तीन उघडून त्यांचे पंखे, स्मृतीची उरलेली एक पट्टी आणि तारा तोरसकरांनी डब्यांत भरून ठेवल्या. या वेळी प्रत्येक डब्यावर काय आत आहे ते लिहिले.

अक्षताने फास्टफेच बसवून दिले. दीपमाळ नव्या फाइलीत आली. शीर्षकेही मराठी राहिली. स्मृतीची ओळ मात्र तोरसकरांनी तिच्यासमोर पुसली आणि मोजून येणारी ओळ घातली. जुन्या कार्डांच्या जुड्या त्यांनी सोडल्या नाहीत. प्रत्येक जुडीवर एक नवे कार्ड बांधले. दसरा होऊन गेला होता, म्हणून फूल वाहिले नाही. या कार्डावर आकडा पेन्सिलीने लिहिला आहे आणि खाली तो ज्या दिवशी पाहिला ती तारीख.

परवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तिसऱ्या यंत्रावर बसली होती. मागे वळून तिने विचारले, “काका, मशीनच्या जुन्या कार्डांवर चार जीबी लिहिलंय, स्क्रीनवर तीन पॉइंट सात का दाखवतंय?” पलीकडे शिवणयंत्रे चालू होती, त्यामुळे तिला प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला. मग तोरसकरांनी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसले आणि सांगू लागले. ते सांगून होते न होते तोच सातव्या यंत्रावरच्या मुलानेही तेच विचारले, तेव्हा ते खुर्ची घेऊन तिकडे गेले.