नैवेद्यासाठी खाल्लेली गोळी

"पाळी बंद झाल्यावर रक्त जात होतं, आणि ते तुम्ही गोळ्या खाऊन थांबवत होतात?"

बुलढाण्याच्या डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी मान हलवली. हे सगळं मी जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं होतं, आणि तेही बाईंनी आमच्या ह्यांना "तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणून काढलं म्हणून. तोवर माझ्या वतीने आमचे हेच बोलत होते. "तिले अशक्तपणा हाय, चक्कर येते. पाळीचा तं काही त्रास नाही आता, ते बंद झालं," असं त्यांनी मोठ्या खात्रीने सांगून टाकलं होतं. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं खरंच होतं.

बाईंनी मला सोनोग्राफीला नेलं. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एंडोमेट्रियम असतं, म्हणजे अस्तर. पाळी बंद झाली की ते पातळ होऊन जातं. माझं जाड झालं होतं. "एवढं असायला नको," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तुकडा काढून तपासावा लागेल." मी लोणारला घरीच ब्लाऊज शिवते. अस्तर म्हणजे काय हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. कशासाठी तपासायचं, तेही समजलं. मी विचारलं, "कॅन्सर आहे का?" बाई म्हणाल्या, "नसेलही. पण तुम्ही फार दिवस घालवलेत."

ते फार दिवस कशात घालवले ते सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आत्ता तेच करत असेल.

आमच्या घराण्याकडे देवीच्या नवरात्राच्या नैवेद्याचा मान आहे. नऊ दिवस सोवळ्यात पुरणावरणाचा स्वयंपाक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तो चाळीसेक वर्षं केला. मग त्यांचे गुडघे गेले. मान कोणाकडे द्यायचा हा प्रश्न आला, कारण नऊ दिवसांत एकही दिवस खंड पडता कामा नये. ज्या बाईची पाळी येते तिच्या हातात तो द्यायचा कसा? पाळी बंद होऊन माझं वर्ष झालं तेव्हा घरात जणू पोराचं लग्न जमलं. नात्यातल्या बायका मला म्हणाल्या, "सुटलीस बाई आता." ब्लाऊजचं माप द्यायला येणाऱ्या म्हणाल्या, "सुटलात वहिनी."

सुटका कसली. अंगातून एकदम वाफा निघायच्या. चेहरा लाल, मान ओली, आणि मग हुडहुडी. याला हॉट फ्लॅशेस म्हणतात, हे मला नंतर कळलं. शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होतं, त्याने हे होतं. मशिनवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाच्या कापडावर घाम पडायचा. चिडचिड तर अशी की धाकटी जाऊ वर्षा माझ्या खोलीत यायची बंद झाली.

आणि एक त्रास असा, की तो सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. नवऱ्याजवळ गेलं की आत कोरड्या कापडावर कापड घासावं तसं दुखायचं. आग व्हायची, दोन दोन दिवस लघवीला जळजळ. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. डॉक्टर त्याला व्हजायनल अॅट्रॉफी म्हणतात, आणि त्यावर इलाज असतो. मला वाटलं, या वयात हे नको असं देवानेच ठरवलं असेल. मी कूस बदलून झोपू लागले. मग एक दिवस ह्यांनी आपली खाट पुढच्या खोलीत नेली. मी का म्हणून विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्या रिकाम्या जागेत मी शिवायच्या कपड्यांचं गाठोडं ठेवलं.

त्याच्या थोडं आधी, श्रावणात, पहिल्यांदा डाग दिसला होता. मी मनाशी म्हटलं, कोरडेपणाने खरचटलं असेल. भाद्रपदात पुन्हा दिसला, आणि तेव्हा तर ह्यांची खाट बाहेर गेलेली होती. खरचटायला काही कारणच उरलं नव्हतं. पण नवरात्र तोंडावर आलं होतं. मान पहिल्यांदा माझ्याकडे. डाग सांगितला असता तर आत्याबाईंनी मला चुलीपाशी फिरकू दिलं नसतं, आणि गावात झालं असतं की हिची तर अजून येते, खोटं बोलून मान घेतला.

मग मी तेच केलं जे आमच्या घरातल्या बायका सणावाराला करत आल्यात. मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली. गौरी, सत्यनारायण, कुणाचं लग्न, पाळी मध्ये येत असली की ती गोळी. चिठ्ठी कोणी मागत नाही, दुकानदार काही न विचारता कागदात गुंडाळून देतो. पण बंद झालेली पाळी पुढे ढकलायची कशी, हा प्रश्नच मला पडला नाही. रक्त म्हणजे पाळी, पाळी म्हणजे गोळी, एवढंच गणित डोक्यात बसलेलं.

नऊ दिवस रक्त थांबलं. नैवेद्य निर्विघ्न झाला, लोकांनी पुरणाचं कौतुक केलं. गोळी बंद केल्यावर मात्र असं गेलं की उभं राहवेना. पुन्हा गोळी. दिवाळीला गोळी, संक्रांतीला गोळी, चैत्रातल्या नवरात्राला गोळी. मधल्या दिवसांत जुनी सुती लुगडी फाडून वापरायची आणि अंधार पडल्यावर धुवायची. जेठ महिन्यात मी मशिनवरून खाली पडले. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून बुलढाण्याला पाठवलं.

बायोप्सी म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणं. दुखलं, पण बाळंतपणं झालेल्या बाईला सोसेल एवढंच. रिपोर्ट मोठ्या शहरातून यायचा होता. थांबायचं होतं.

ते थांबणं वैरिणीच्याही वाट्याला येऊ नये. कॅन्सरची भीती होती, ती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. देवीच्या ताटात मी विटाळाच्या हाताने पुरण वाढलं, म्हणून तिने माझ्या गर्भाच्या पिशवीत हे घातलं, असं मला पक्कं वाटू लागलं. देवळाच्या बाजूने जायचं मी सोडलं. आत्याबाई मला खाऊ घालायच्या, रक्त वाढावं म्हणून बीट किसून द्यायच्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. एका लग्नाचे बारा ब्लाऊज शिवायचे होते. आम्ही शिवणीत पुढे उसवून वाढवता यावं म्हणून थोडी माया ठेवतो. त्या दिवसांत मी प्रत्येक ब्लाऊजला ती ठेवत होते आणि मनात म्हणत होते, या बायकांना पुढची वर्षं आहेत. मशीन चालू ठेवून रडलं की आवाज बाहेर जात नाही, हे तेव्हा समजलं.

बायोप्सीहून परत येताना, मेहकरच्या बसमध्ये, ह्यांनी विचारलं, "डॉक्टरीण तुले आत काय म्हणे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दुखण्यापासून. तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, त्याला एवढं ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली.

"मले वाटलं तुले माहा कंटाळा आला," ते म्हणाले.

"कंटाळा नाही हो. दुखायचं."

"मंग सांगाव न बाई. मी काय जनावर हाय का?"

एवढं बोलून त्यांनी माझी हातातली कापडी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मला बरं वाटायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं, की हे बोलणं झालं तेव्हा कदाचित वेळ निघून गेलेली असेल.

रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, अॅटिपिकल हायपरप्लेसिया. बाईंनी समजावलं: अस्तर वाढलंय आणि त्यातल्या पेशींची चाल बिघडलीय. "हा कॅन्सर नाही. पण कॅन्सर दाराशी येऊन उभा आहे. पिशवी काढायची, उशीर करायचा नाही. पूर्ण खात्री पिशवी तपासल्यावरच होईल."

मी विचारलं, "देवाचं काही केल्याने होतं का असं?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हार्मोनचा तोल बिघडल्याने होतं. देवाने नाही केलं. गोळीनेही नाही. गोळीने फक्त ते झाकून ठेवलं."

मला ते पटलं, आणि पटलं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर हे मनात घेऊन चढायचं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. गेल्या नवरात्रात रक्त होतं, मी गोळी खाऊन नैवेद्य केला.

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता उठ म्हणतील. त्यांनी वात पुन्हा वळायला घेतली, ती तुटली.

"पयली गोळी तुले कोनं देल्ली होती?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. लग्नानंतरच्या गौरीला."

"हाव. मीच." वात बाजूला टाकली. "मंग पाप असन तं आधी माह्या नावावर लाव. अन् नऊ महिने मले सांगितलं काऊन नाही?"

"मान जाईल म्हणून."

"मानाले काय चाटाचं हाय?" त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मी त्यांना अठ्ठावीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी ओसरीवर रडलो, आणि वर्षा घाबरून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

ऑपरेशन श्रावणात झालं. काढलेल्या पिशवीत कॅन्सर निघाला नाही. तपासण्या चालू राहतील. त्वचेच्या कोरडेपणासाठी आधी साधं जेल दिलंय. हार्मोनचं क्रीम द्यायचं की नाही ते तपासणी पाहून ठरवू, आपल्या मनाने आणायचं नाही, अशी तंबी मिळाली. अंगातल्या वाफा अजून येतात. ह्यांची खाट आत आलीय. बाकीचं घाई न करता, असं आमचं ठरलंय. पन्नाशीनंतर असं काही ठरवायला बसताना दोघांनाही हसू आलं होतं.

माप द्यायला येणाऱ्या बायकांना मी आता टेप गुंडाळता गुंडाळता विचारते. बंद झाल्यावर कधी डाग दिसला का? दुखतं का? पहिल्यांदा सगळ्या नाही म्हणतात. टेप ठेवून मी उगाच कापड घडी करत बसते, मग बोलतात. तुम्हालाही तेच सांगते. पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग रक्त दिसलं, एक थेंब का असेना, मेडिकलमध्ये जाऊ नका, डॉक्टरकडे जा. आणि नवऱ्याला बाहेर बसवा.

यंदाच्या नवरात्रात मला वजन उचलायची मनाई होती. स्वयंपाकाला वर्षा बसली, घरात दुसरं कोणी नव्हतं. तिसऱ्या माळेला सकाळी ती माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. मुठीत मेडिकलच्या कागदाची पुडी होती. काही बोलायची गरज नव्हती. मी ती पुडी तिच्या हातातून घेतली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

आत्याबाईंनी पुडी उघडूनही पाहिली नाही.

"पोरीले बाजूले बसू दे," त्या म्हणाल्या. मग पुढच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी आपल्या पंचावन्न वर्षांच्या लेकाला हाक मारली. "अरे, पेपर ठेव. आंघोळ कर अन् सोवळं नेस."

आत्याबाई खुर्चीवरून सांगत होत्या आणि हे डाळ घोटत होते. पुरण खालून लागलं. देवी त्या दिवशी दुपारी उशिरा जेवली, आणि कोणावर काही कोपली नाही.