सिंगापूरला काय कामाले?

लाखनीच्या ऑनलाइन सेंटरात माझ्या आधी अड्याळची एक मावशी बसली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती सिंगापूरला निघाली होती आणि दुकानदार तिचा तिकडे उतरण्याआधीचा फॉर्म भरत होता. प्रत्येक प्रश्नाला ती पदर सावरून, समोर साहेब उभा असल्यासारखं खणखणीत उत्तर द्यायची.

"मावशी, कायले चालल्या? 'फिराले' टाकू?"

"फिराले कायले? शेकशेगडी कोन करन, लेकराले आंघोळ कोन घालन? 'कामाले' लिव, बाबू!"

मी म्हटलं, "काम लिहिलं तर नोकरीला आली समजून विमानतळावरच अडवतील, मावशी."

ती दचकली. पिशवीतल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यांवरून तिने हात फिरवला. मग हळूच हसली.

"लिव मंग फिराले. पन माह्या पोरीले नोको सांगू. नाही त मले खरंच फिरवन थे!"